कापडाची पांढरी पूड आणि गावचे पाणी

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसवला, हे या पंचक्रोशीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या मागाचा खडखडाट पुढे वेस ओलांडून कबनुरात आला आणि येथलाच झाला. पण कापडाशी नाते सांगणारी आणखी एक वस्तू आपल्या गावात येते, तिचे कूळ मात्र कोणी विचारीत नाही. पिण्याच्या पाण्यात टाकतात ती ‘टीसीएल’ पावडर, म्हणजेच विरंजक चूर्ण, हीच ती वस्तू.

क्लोरीन वायू १७७४ साली स्वीडनच्या शेलेने प्रथम तयार केला. तो कापडाचा रंग उडवतो हे फ्रान्सच्या बर्थोलेने १७८५ साली दाखवून दिले. तोवर युरोपातले विणकर कोरे कापड आंबट ताकात भिजवीत आणि आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवीत. पुढे १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने हा वायू विरलेल्या चुन्यात मुरवून कोरडी पूड बनवली. पांढऱ्या कापडासाठी अडलेली कुरणे मोकळी झाली आणि क्लोरीन पिंपात भरून गावोगाव नेता येऊ लागला.

या पुडीने रोग अडतो हे कळायला आणखी अर्धे शतक लागले, आणि तेही आडवाटेने. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना तिच्या पाण्यात हात धुवायला लावले. प्रेताची दुर्गंधी जाते, तर तिच्याबरोबर रोगाचे बीजही जात असावे, एवढाच त्याचा तर्क! बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले; पण त्याच्या पदरी उपहासच पडला.

पाण्याची पाळी आली विसाव्या शतकात. इंग्लंडच्या लिंकन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा १९०५ साली पाणी क्लोरीनने शुद्ध करण्यात आले. अमेरिकेत जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी १९०८ साली कोणाची परवानगी न घेताच हा प्रयोग सुरू केला. प्रकरण कोर्टात होतेच. लोकांच्या पाण्यात हे कसले औषध घालता, असा सवाल झाला. लील यांनी आपण हेच पाणी पितो असे सांगितले, आणि १९१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आता जी गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतो. क्लोरीन किती टाकला याला फारसा अर्थ नाही. किती उरला याला आहे. पाण्यात पडताच तो आधी घाणीवर खर्च होतो आणि मग उरेल तेवढाच पुढच्या जंतूंसाठी राखण करतो. म्हणून अर्ध्या तासानंतर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, असा दंडक आहे. ‘ओटी’ द्रावणाचे थेंब टाकल्यावर नळीतले पाणी पिवळे झाले, तर तो शिल्लक आहे असे समजायचे. नदी जितकी मैली तितकी ही शिल्लक महाग. वस्त्रनगरीचे सांडपाणी काळ्या ओढ्याने पंचगंगेला मिळत आले आहे. कापड पांढरे करणाऱ्या पुडीलाच कापडाच्या धंद्याने मैले केलेले पाणी निस्तरावे लागते, हा आपल्या भागाचा विचित्र योग आहे.

उष्णतेने तर ही शिल्लक अधिकच लवकर उडते. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फुलांच्या एका प्रदर्शनात गरम पाण्याचा फेसाळता टब नुसता शोभेला मांडला होता. त्यात कोणी उतरले नाही. पण पाण्यात क्लोरीन नव्हता. तुषारांतून लीजनेला जंतू पसरले आणि जवळून गेलेल्यांपैकी तीसएक माणसे न्यूमोनियाने दगावली. आपल्याकडे असल्या टबांची चैन थोड्यांनाच. परंतु वैशाखात गच्चीवरची टाकी तापते तेव्हा आपण नकळत तसलाच टब बाळगून असतो.

पाणी बिघडले म्हणजे काय होते हे या परिसराने २०१२ च्या उन्हाळ्यात पाहिले. इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, कित्येकांचे प्राण गेले. ती ‘हेपटायटीस ई’ होती. मैला पाण्यात मिसळला की ती पसरते, आणि गरोदर बाईला तर ती फार घातक ठरते. पाणी काही तासच सोडले जाते तेथे नळ बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होते आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढते. टाकीत कितीही काटेकोर मात्रा घातलेली असो, ती या घोटापुढे पुरेलच असे नाही.

चूर्णाचेही तसेच. ताजे असताना त्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तोंड उघडे ठेवलेल्या पोत्यातून तो दमट हवेत निघून जातो आणि मागे राहतो तो चुना. आम्ही एका गावी पाहिले, नोंदवहीत चूर्ण टाकल्याची सही रोजची होती. टाकीपाशी चाचणी घेतली तेव्हा नळी किंचित पिवळी झाली. मग वाहिनीच्या टोकाला, वस्तीतल्या शेवटच्या घरी गेलो. एक आजी हंडा भरीत होत्या. त्यांच्याच नळाचे पाणी नळीत घेतले, थेंब टाकले आणि वाट पाहिली. पाण्याला रंग आलाच नाही.