मध्यरात्रीचे सोनेगाव

बेट म्हटले की चोहोबाजूंचे पाणी डोळ्यांपुढे येते. लक्षद्वीपातील अगत्तीवर १९८८ साली विमानतळ झाला. त्याची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरांच्या घरात. बेटच तेवढे चिमुकले! तेथे लहान विमानेच उतरतात, पण ती बेटासाठी उतरतात. आमच्या नागपूरला पाण्याचा वेढा नाही. तरी रेल्वेने मुंबई ८३७ किलोमीटर आणि कलकत्ता ११३१, म्हणजे एका अर्थी आम्हीही बेटावरचेच. मात्र आमच्याकडे रात्रीची विमाने आली ती दुसऱ्यांच्या सोयीसाठी.

तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि चौघांची गाठ मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर पडे. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, उतारूही विमान बदलीत, आणि सकाळपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास! १ एप्रिल १९४९ पासून तर देशातल्या देशात विमानाने जाणाऱ्या पत्राला जादा आकारही पडेनासा झाला.

हा मान नागपूरला मिळाला तो नकाशावरील जागेमुळे. आमच्या कर्तृत्वाचा त्यात वाटा नव्हता, हे आम्ही नागपूरकरांनी मोकळेपणी कबूल करावे. लाभ मात्र पदरात पडला. येथील व्यापाऱ्यास वा वकिलास रात्री निघून सकाळी चारांपैकी कोणत्याही महानगरी उतरता येई. झोपेचे खोबरे होई, ती गोष्ट निराळी.

ही सेवा सुखासुखी चालली असे नव्हे. ती चालविणारी पहिली खासगी कंपनी काही महिन्यांतच थांबली. त्याच वर्षी दुसरीला पुढे यावे लागले. १ ऑगस्ट १९५३ पासून कारभार इंडियन एअरलाइन्सकडे गेला, आणि त्याच डिसेंबरात सोनेगावहून उडालेले डाकोटा कोसळून माणसे गेली. सकाळच्या पत्रामागे वैमानिकांचे हे जागरण आणि हा धोका होता.

पुढे विमानेच बदलली. १९६४ मध्ये कॅरावेल जेट आले. महानगरांना एकमेकांकडे थेट जाणे सोपे झाले. मध्ये थांबण्याची गरज सरली, तशी सत्तरीच्या दशकात सोनेगावची ती रात्रीची गाठभेटही सरली. नागपूरला दिवसाची विमाने राहिली, कारण तोवर येथे स्वतःचे उतारू तयार झाले होते.

लहान गावाला तेवढे उतारू कोठून आणावेत? उडान योजनेत सरकार काही वर्षे तूट भरून देते, ते याचसाठी. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबाद विमानही होते. २०२२ मध्ये ते चालविणारी कंपनीच बंद पडली. नांदेडला धावपट्टी होती, दिवे होते, जाणारी माणसेही होती. नियमित विमान पुन्हा मिळण्यास २०२४ साल उजाडले.