कागदावर मेलेली मोटार: 'टोटल लॉस'ची जन्मकथा

१/ ब्रिटनमध्ये एकाच मॉडेलच्या दोन मोटारींना सारखीच धडक बसली, असे समजू. दोन्हींचा बंपर, दिवा आणि दार निकामी झाले. दुरुस्तीचा खर्च २,००० पौंड. नवी मोटार १५,००० पौंडांची असल्याने ती गॅरेजमध्ये जाते. बारा वर्षांच्या मोटारीची किंमतच १,५०० पौंड. म्हणून विमा कंपनीच्या दप्तरी ती 'टोटल लॉस' ठरते. जखम सारखी असताना निकाल वेगळा का? या प्रश्नाचा इतिहास मोटारीहून जुना आहे.

२/ त्याचे मूळ सागरी विम्यात आहे. वादळात मोडलेले जहाज दुरुस्त होण्यासारखे असले, तरी दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीहून अधिक असेल, तर ते बुडाल्यासारखेच मानावे, असा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा संकेत होता. मालकाने भग्न जहाजावरील हक्क सोडायचा आणि विमेदाराने पूर्ण रक्कम द्यायची. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने हा संकेत कलम ६० मध्ये शब्दबद्ध केला.

३/ त्याच सुमारास मोटार रस्त्यावर आली होती. १९०३ च्या मोटार कार कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक मोटारीची नोंदणी सक्तीची झाली. लंडनच्या लॉइड्स या सागरी विम्याच्या पेठेने पहिली मोटार पॉलिसी दिली तीही १९०४ मध्येच. मोटार म्हणजे जमिनीवर चालणारे जहाज, अशा कल्पनेने ती लिहिली गेली, असे लॉइड्सच्या परंपरेत सांगतात. जहाजाचा हिशेब अशा रीतीने मोटारीला लागू झाला.

४/ तेव्हापासून मोटारीला दोन अस्तित्वे लाभली: एक लोखंडाचे, दुसरे कागदाचे. विमा कंपनी भंगार विकत असे. कधी मालकच कमी भरपाई स्वीकारून आपली गाडी परत घेई आणि दुरुस्त करून चालवी. यात गैर काहीच नव्हते. मात्र चोरांनाही या दोन अस्तित्वांमधील फट दिसली.

५/ अपघातात चुरा झालेली मोटार कागदपत्रांसह स्वस्तात घ्यायची, त्याच मॉडेलची दुसरी चोरायची आणि चोरीच्या मोटारीवर पहिलीची नंबरप्लेट व चासी क्रमांक चढवायचा. मेलेल्या मोटारीच्या नावाने चोरीची मोटार राजरोस फिरे. इंग्रजीत या धंद्याला 'रिंगिंग' म्हणत.

६/ विमा कंपन्यांच्या संहितेत तेव्हा चार वर्ग होते. 'ए' म्हणजे संपूर्ण मोटार चिरडणे. 'बी' म्हणजे सुटे भाग काढून सांगाडा चिरडणे. 'सी' म्हणजे दुरुस्ती शक्य, पण खर्च किमतीहून अधिक. 'डी' म्हणजे खर्च किमतीहून कमी, तरीही कंपनीला न परवडणारा. २००१ च्या वाहन गुन्हेविषयक कायद्याच्या आधारे २००३ पासून नवी ओळख-तपासणी सुरू झाली. 'सी' वर्गातील दुरुस्त मोटार या तपासणीत उत्तीर्ण झाल्याखेरीज तिला नोंदणीपत्र मिळेना.

७/ येथे एक विसंगती होती. तपासनीस पाहत तो एवढेच: ही तीच मोटार आहे का, नोंदलेल्या अपघाताच्या आणि दुरुस्तीच्या खुणा तिच्या अंगावर दिसतात का. दुरुस्ती चांगली झाली की नाही, मोटार रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही, हे तपासणे त्या योजनेत नव्हतेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने ती बंद केली. सुमारे ७,१७,००० तपासण्यांमधून बनावट ओळखीच्या केवळ ३८ मोटारी सापडल्या होत्या.

८/ खरा बदल ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. 'सी' आणि 'डी' हे किमतीवर बेतलेले वर्ग जाऊन 'एस' आणि 'एन' आले. 'एस' म्हणजे सांगाड्याला इजा. 'एन' म्हणजे सांगाडा शाबूत. 'एस' वर्गातील मोटार स्वतःकडे ठेवणाऱ्याला जुने नोंदणीपत्र जमा करून नवे घ्यावे लागते आणि त्यावर वर्गाची नोंद राहते. 'एन'च्या मालकाकडे मूळ नोंदणीपत्रच राहते. तथापि 'एन' म्हणजे निर्धोक नव्हे. ब्रेक वा स्टीअरिंगची इजाही त्यात मोडू शकते.

९/ भारतात हीच फट निराळ्या रूपाने आढळते. २००२ च्या मोटार टॅरिफनुसार दुरुस्तीचा खर्च घोषित विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की वाहन 'टोटल लॉस' ठरते. आणि चार ते पाच वर्षांच्या वाहनाचे मूल्य ५० टक्के घटवूनच धरले जाते. उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट किंवा कायमचे निकामी झाले, तरच मालकाने १४ दिवसांत वा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. विमा कंपनी किंमत विचारते, कायदा वाहनाची अवस्था विचारतो. दोघांची उत्तरे जुळतीलच असे नाही.

१०/ म्हणून 'टोटल लॉस' हा शिक्का वाचताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी पाहावे लागते. प्रारंभीची बारा वर्षांची मोटार आजही हिशेबात मरेल. पण तिच्यावर 'एन'ची खूण असेल, आणि नवे दार, नवा दिवा बसवून ती पुन्हा धावू शकेल. 'एस'ची खूण असलेल्या मोटारीत मात्र वरच्या चकाकत्या रंगाखाली सांधलेला सांगाडा असतो. तो कसा सांधला आहे, हे नोंदणीपत्र सांगत नाही. त्यासाठी मोटार उचलून खालून पाहणारा जाणता मेकॅनिकच लागतो.

(थ्रेड समाप्त)