गाडी नंबर 54 आणि ब्रॉंक्सचे हसरे हवालदार

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या अमेरिकन माणसांसमोर जुन्या कृष्णधवल मालिकांचा विषय काढून पहा. एक नाव बहुतेक वेळा निघतंच : 'कार 54, व्हेअर आर यू?' म्हणजे 'गाडी नंबर 54, आहेस कुठे?' बिनतारी संदेशावरून गाडीला हाका मारल्या जातायत आणि गाडीचा पत्ता नाही! नावातच सगळी गोष्ट आली. पण हे नाव निघालं की लगेच दोन-तीन तट पडतात, आणि मला मालिकेइतकेच ते तटही मजेदार वाटतात.

आधी थोडी माहिती. ही मालिका 1961च्या सप्टेंबरपासून 1963पर्यंत एनबीसीवर रविवारी रात्री साडेआठला लागायची. एकूण 60 भाग. आधी डिस्नीचा कार्यक्रम, नंतर 'बोनान्झा', दोन्ही रंगीत, आणि मधला हा अर्धा तास कृष्णधवल. घडते ती न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या 53 नंबरच्या पोलीस ठाण्यात. ब्रॉंक्समधल्या खऱ्या ठाण्यांचे आकडे 52ला संपतात, म्हणजे लेखकानं गुपचूप एक ठाणं वाढवलं. गाडीत दोघे शिपाई. बुटका, गोलमटोल आणि तोंडाची टकळी न थांबणारा टूडी (जो ई. रॉस), आणि ताडमाड उंच, अबोल मल्डून (फ्रेड ग्विन. हा गृहस्थ हार्वर्डचा पदवीधर, बरं का!). निर्माता, लेखक, दिग्दर्शक सबकुछ नॅट हायकेन. लष्करातल्या बिलंदर सार्जंट बिल्कोची गाजलेली मालिकाही त्याचीच. 'कार 54'च्या दिग्दर्शनासाठी त्याला 1962 साली एमी पुरस्कार मिळाला.

इंजिनियर मंडळींसाठी एक गंमत. त्या काळी न्यूयॉर्क पोलिसांच्या गाड्या हिरव्या-काळ्या-पांढऱ्या असत. चित्रीकरण शहरातल्या खऱ्या रस्त्यांवर, तेव्हा लोकांनी खरीच पोलिसगाडी समजून धावत येऊ नये म्हणून मालिकेची गाडी चक्क लाल-पांढरी रंगवली होती. कृष्णधवल फिल्मवर तो लाल रंग गडद करडा दिसायचा आणि घरी बसलेल्यांना गाडी अगदी अस्सल वाटायची. रस्त्यावर खोटी, पडद्यावर खरी!

आता तट. पहिला तट चाहत्यांचा. त्यांचं म्हणणं, यात गोळीबार जवळजवळ नाहीच, कोणी मरत नाही, पोलीस म्हणजे गल्लीतलाच माणूस. 1950च्या दशकात 'ड्रॅगनेट' मालिकेनं लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याच्या सहकार्यानं गंभीर, करारी, कधीही न हसणारा पोलीस घराघरांत पोचवला होता. त्यानंतर हे दोन भोळे शिपाई म्हणजे मोकळी हवा. शिवाय निप्सी रसेल आणि फ्रेडरिक ओनील हे दोन कृष्णवर्णीय नट 1961 साली पोलिसांच्या गणवेशात इतरांच्या बरोबरीनं वावरताना दिसतात, आणि त्याचा कोणी गाजावाजा करत नाही. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर हे फार दुर्मिळ होतं.

दुसऱ्या तटाला मालिका नुसती कर्कश वाटते. टूडीचं ते सारखं 'ऊ! ऊ!', त्याच्या बायकोचं खिडकीतून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडणं... बायको म्हणजे कजाग, हा विनोद तेव्हाही शिळाच होता, असं हे लोक म्हणतात. यात तथ्य आहे. आपल्याकडे दादा कोंडक्यांच्या 1975च्या 'पांडू हवालदार'वरूनही कुठे एकमत होतं?

तिसरा तट मात्र हसत नाही. मालिका संपल्यावर सव्वा वर्षात, जुलै 1964मध्ये, मॅनहॅटनमध्ये एका पोलीस लेफ्टनंटनं 15 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं आणि हार्लेम पेटलं. 1972मध्ये नॅप आयोगानं याच खात्यात मुरलेली लाचखोरी चव्हाट्यावर आणली. तेव्हा हे गोड शिपाई म्हणजे सफेदी फासणं, असा या मंडळींचा आक्षेप.

मला विचाराल तर वादाची किल्ली एका म्हातारीकडे आहे. मिसेस ब्रॉन्सन. ही भूमिका मॉली पिकन या यिडिश रंगभूमीवरच्या थोर अभिनेत्रीनं केली. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी इमारत पाडायची आहे आणि आजीबाई घर सोडायला तयार नाहीत. पुढच्या एका भागात तर करारात 1 ऑगस्टला ताबा लिहिलाय म्हणून त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीतच बिऱ्हाड थाटतात! पझेशनच्या तारखेची वाट पाहून थकलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

खऱ्या ब्रॉंक्समध्ये याच सुमारास क्रॉस ब्रॉंक्स एक्स्प्रेसवे वस्त्या चिरत चालला होता. काम 1948 साली सुरू झालं, 1972पर्यंत चाललं. रॉबर्ट कॅरोनं 1974च्या पुस्तकात ईस्ट ट्रेमॉन्टच्या एका मैलाची हकीकत सांगितली आहे : 1,530 कुटुंबं हलवली गेली. तिथल्या बायकांनी मोर्चे काढले, पर्यायी मार्ग सुचवला. त्या हरल्या. मालिकेत शिपाई आजीबाईंपुढे विरघळतात, खऱ्या ब्रॉंक्समध्ये रॉबर्ट मोझेस विरघळला नाही. पुढे 1970च्या दशकात दक्षिण ब्रॉंक्सच्या इमारती एकामागून एक जळत गेल्या.

म्हणून मला वाटतं, तिन्ही तट एकाच गोष्टीवर बोलतायत. ज्याच्या लहानपणीची गल्ली उठली, त्याला त्या गाडीच्या मागे आपलं वाण्याचं दुकान आणि जिना दिसतो. ज्याला पोलिसानं भिंतीशी उभं केलं, त्याला गाडीच्या आतली माणसं दिसतात. दोघांनाही खोटं ठरवता येत नाही. हायकेन 1968 साली, अवघ्या 54व्या वर्षी गेला, त्यामुळे या वादात त्याची साक्ष निघणं नाही. मी मात्र त्याला एक गुण देईन. रस्ता आखतो कोणीतरी वरचा, आणि म्हातारीच्या दारावर टकटक करायला पाठवतात तो साधा शिपाई, हे त्यानं हसत हसत का होईना, 1961 सालीच दाखवलं होतं.

डीव्हीडी मिळाली तर मिसेस ब्रॉन्सनचे भाग आधी पहा. मग कुठल्या तटात जायचं ते ठरवा!