शस्त्रक्रियेपूर्वीचे व्हिडिओ ईईजी: जोडीदाराने काय करावे?

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येत राहिल्या, तर औषधांना दाद न देणारा अपस्मार आहे असे डॉक्टर म्हणतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत असे घडते. त्यांच्यापैकी काहींना मेंदूच्या शस्त्रक्रियेचा फायदा होऊ शकतो. त्यासाठी फिट मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होते हे कळावे लागते. म्हणून रुग्णाला काही दिवस दाखल करून व्हिडिओ ईईजी केले जाते.

तपासणी कशी होते?

डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि खोलीतला कॅमेरा रात्रंदिवस चालू असतो. फिट नोंदली जावी म्हणून डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करतात, कधी जागरणही करायला लावतात. अशा वेळी फिट नेहमीपेक्षा मोठी किंवा लागोपाठ येऊ शकते. म्हणूनच हातात सलाईनची सुई आधीच लावून ठेवतात. गोळ्या कमी करण्याचा हा प्रयोग घरी कधीही करू नका.

फिट आल्यास

- लगेच बेल वाजवा. दिलेले बटण दाबा.
- पांघरूण बाजूला करा, दिवा लावा आणि कॅमेऱ्याच्या आड येऊ नका.
- नावाने हाक मारा, हात वर करायला सांगा. एखादा सोपा शब्द सांगून ठेवा आणि नंतर तो आठवतो का ते विचारा.
- मान कुठे वळली, कोणता हात आखडला, बोलणे परत यायला किती वेळ लागला, हे मोठ्याने सांगा. कॅमेऱ्यात आवाजही टिपला जातो.
- तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका.

फिटनंतर रुग्ण गोंधळलेला असतो, उठून चालू लागतो, कधी चिडतो. तेव्हा वाद न घालता शांतपणे बोला. पुढच्या दोन-तीन दिवसांत विचित्र संशय, भास किंवा वागण्यात बदल दिसला, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

वाट पाहण्याचा ताण

घरी जिची धास्ती वाटते तीच फिट यावी म्हणून इथे सगळे थांबलेले असतात. दोन-तीन दिवस काहीच घडले नाही, की ‘माझ्यामुळे खर्च वाढतोय’ असे रुग्णाला वाटू लागते. त्यात कुणाचाही दोष नाही. कॅमेऱ्याचा संकोच वाटत असेल, तर अंघोळ आणि कपडे बदलण्याची सोय नर्सला आधीच विचारून घ्या. रुग्णाने एकट्याने बाथरूममध्ये जाऊ नये. तुम्हीही झोप काढा. रात्री भाऊ, बहीण किंवा मित्राला बसवा.

आजार नातेवाइकांपासून लपवलेला असेल, तर कुणाला किती सांगायचे हे दोघांनी मिळून ठरवा. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली काढून टाकला आहे.

निकालानंतर

व्हिडिओ ईईजी, एमआरआय आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या एकत्र पाहून डॉक्टरांचा गट सल्ला देतो. काही वेळा शस्त्रक्रिया शक्य नाही, आणखी तपासण्या हव्यात किंवा हे झटके अपस्माराचे नाहीत असेही निघते. हे झटके खोटे नसतात, त्यांचे उपचार वेगळे असतात.

शस्त्रक्रिया सुचवली तर हे विचारा: फिट थांबण्याची शक्यता किती? स्मरण, बोलणे, दृष्टी यांना धोका किती? गोळ्या किती काळ चालू राहतील? प्रश्न तुम्ही लिहून घ्या, पण होकार-नकार रुग्णाचा असू द्या.

घरी आल्यावर

कोणत्या गोळ्या कधी घ्यायच्या हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पहिले काही दिवस सोबत राहा. बाथरूमची कडी लावू देऊ नका. वाहन, विहीर, उंची यांपासून दूर ठेवा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ वर फोन करा.