परतीच्या वाटेवरचे इलेक्ट्रॉन

विहिरीवर कप्पी लावून एकाच दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे बांधले, तर उतरणारा पोहरा चढणाऱ्याला मदत करतो, हे तुम्हांला सांगावयास नको. १९६५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मॉरी टिग्नर यांनी जवळजवळ हीच युक्ती इलेक्ट्रॉनांसाठी सुचविली.

इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देऊन पळविणाऱ्या यंत्राला त्वरक म्हणतात. हे यंत्र वीज फार खाते. आणि काम आटोपले की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह एखाद्या ठोकळ्यावर आपटून सारी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. टिग्नर म्हणाले, तो प्रवाह वळवून पुन्हा त्याच पोकळ्यांतून आणा. मात्र अर्ध्या लहरीचा उशीर करून. मग ज्या विद्युत्‌लहरीने त्यांना पुढे ढकलले तीच मागे खेचील, आणि त्यांनी सोडलेली ऊर्जा मागून येणाऱ्या ताज्या इलेक्ट्रॉनांच्या कामी येईल.

युक्ती नामी खरी. पण अडचण निघाली ती या परतण्यातच!

पोकळी ही धातूची असते, आणि देवळातल्या घंटेप्रमाणे तिच्यात मुख्य सुराखेरीज आणखीही सूर असतात. इलेक्ट्रॉन पुंजक्यांनी येतात. एखादा पुंजका मधली वाट सोडून किंचित बाजूने गेला, की असा एक नको असलेला सूर वाजू लागतो आणि मागच्या पुंजक्यांना आडवा धक्का देतो. धक्का खाल्लेला पुंजका फेरी मारून त्याच पोकळीत अधिकच बाजूला सरकून येतो आणि तोच सूर आणखी वाढवितो. शिक्षकमित्रांनी हे वर्गात झोपाळ्यावरून समजावून द्यावे. ठरावीक मर्यादेपर्यंत सूर आपोआप विरतो. प्रवाह तीपलीकडे गेला, की झोका वाढतच जातो आणि प्रवाह नळीच्या भिंतीवर जाऊन आदळतो. गंमत अशी, की वीज वाचावी म्हणून वापरलेल्या अतिवाहक पोकळ्यांत विरोध जवळजवळ नसतो, त्यामुळे हा नतद्रष्ट सूरही तिथे फार वेळ घुमतो. स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब त्वरकाला १९६६ साली आडव्या धक्क्यांचा असाच त्रास झाला होता. तिथे तर पोकळ्या तांब्याच्या होत्या आणि प्रवाह परतही येत नव्हता.

व्हर्जिनियातील जेफर्सन प्रयोगशाळेने १९९९ साली सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाहाची ऊर्जा परत मिळवून दाखविली. पुढे यंत्र वाढविले, नव्या पोकळ्या बसविल्या, आणि एका मांडणीत ३ मिलिअँपिअरच्या आतच प्रवाह बिथरला. मग त्यांनी काय केले? परतीच्या वाटेवर तिरपे चुंबक बसवून आडवा झोका उभा करून टाकला! आता परत येणारा पुंजका वर-खाली हलू लागला; आडव्या सुराला त्याच्यापासून काही मिळेना. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

पोकळ्यांतून नको ते सूर बाहेर काढून शोषून घेण्याचीही सोय करतात. कॉर्नेलमध्येच डिसेंबर २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनांना चार फेऱ्यांत ऊर्जा देऊन पुढच्या चार फेऱ्यांत ती परत घेण्यात आली. म्हणजे तेच पुंजके त्याच पोकळ्यांतून आठ वेळा गेले. टिग्नर यांची कल्पना त्यांच्याच विद्यापीठात चौपट होऊन उतरली. मात्र त्या वेळी प्रवाह अगदीच अल्प होता आणि आराखडा होता ४० मिलिअँपिअरचा.