गव्याची शिकार आणि गव्याचे मांस

सह्याद्री, कोकण आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यांत एके काळी हौसेसाठी व मांसासाठी होणारी, १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली आता बंद असलेली शिकार. चोरून ती अजूनही होते. गवा किंवा रानगवा (बॉस गॉरस) हा गाईबैलांच्या कुळातला. इंग्रजी अमदानीतील शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ म्हटले आणि ते नाव चिकटले. अमेरिकेतील खरा बायसन हा वेगळा प्राणी आहे. गव्याचा पूर्ण वाढलेला नर खांद्याशी पावणेदोन मीटरच्या वर भरतो आणि वजनाने हजार किलोपर्यंत जातो. काळपट तुकतुकीत अंग, पाठीवरचा उंचवटा आणि गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय, ही त्याची खूण. महाराष्ट्रात तो राधानगरी-दाजीपूर, चांदोली, कोयना, तिलारी, मेळघाट, ताडोबा व नागझिरा या भागांत आढळतो.

मुंबई उपनगरात गवा नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या, सुमारे १०४ चौ. किमी.च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या, चितळ, सांबर, भेकर व रानडुक्कर आहेत. तरीही उपनगराचा या विषयाशी संबंध येतो, तो गावाकडच्या वाटेने. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या चाळींत आणि इमारतींत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांचे घर सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर वा साताऱ्याच्या डोंगराकडेला आहे. शिमगा किंवा मे महिना आटोपून परतताना पिशवीत आंबे, फणस, कोकम येतात. कधी ‘रानातलं’ म्हणून मांसाचा डबाही दिला जातो. ते मांस गव्याचे असेल, तर नेणारा आणि शिजवणारा दोघेही गुन्हेगार ठरू शकतात.

संस्थानी काळात गव्याची शिकार हा मानाचा खेळ होता. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते, आणि ते राखीव असल्यामुळेच तिथले गवे टिकले. १९५८ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले. ते महाराष्ट्रातले पहिले मानले जाते. पुढे त्याचा विस्तार होऊन ते सुमारे ३५१ चौ. किमी.चे राधानगरी अभयारण्य झाले. त्याआधी मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता, पण परवान्यावर शिकार चालूच राहिली. साहेब शिकाऱ्यांना हवी असत ती एकांड्या नराची शिंगे. मांस बहुधा रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांच्या वाट्याला जाई.

गावकऱ्यांच्या पारधीची रीत वेगळी. गावात ठासणीची बंदूक असे. काही जण रान उठवत, काही जण जनावराच्या वाटेवर दबा धरून बसत. रानडुकराच्या पारधीत वाट्यांचे नियम ठरलेले असत: ज्याचा बार लागला त्याचा वाटा, बंदुकीच्या मालकाचा वाटा, कुत्र्यांच्या धन्याचा वाटा, हाकाऱ्यांचे सारखे वाटे. गव्याच्या बाबतीत सगळी अडचण वजनाची. आठशे किलोचे धूड रानातून उचलून आणता येत नाही. ते पडल्या जागीच फोडावे लागते. त्यातून तीन-चारशे किलो मांस निघते, आणि आपल्या हवेत ते काही तासांतच उतरू लागते. म्हणून माणसे बरीच लागतात, वाटे लगेच पडतात आणि उरलेले मीठ लावून, पट्ट्या कापून उन्हात किंवा धुरावर सुकवावे लागते. गुरांच्या मांसाच्या अशा सुकवलेल्या पट्ट्यांना मराठवाड्यात चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात चान्या खाणाऱ्यांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. बाकी अनेक गावांनी गव्याला कधी हातच लावला नाही. गाईच्या जातीचा म्हणून तो वर्ज्य होता, आणि ही श्रद्धा कायद्याच्या कितीतरी आधीपासून त्याला राखत आली.

गवा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. लोकांना बहुधा ठाऊक नसते ते पुढचे. कायद्यातील मांसाच्या व्याख्येत रक्त, हाडे, चरबी हे सगळे येते, कच्चे असो वा शिजवलेले. मारलेला प्राणी, त्याचे मांस आणि गुन्ह्यात वापरलेली बंदूक व वाहन सरकारजमा होते. मांस ताब्यात सापडले की ते कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. ‘मटण म्हणून दिलं होतं’ एवढे म्हणून भागत नाही, कारण मसाल्यात शिजलेल्या तुकड्यातूनही डीएनए काढून प्राणी ओळखता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) या संस्थेत आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत अशी तपासणी होते.

मोठ्या जनावराचे कायदेशीर मांस उपनगरात मिळते ते म्हशी-रेड्याचे. देवनारचे महापालिकेचे पशुवधगृह १९७१ पासून चालू आहे. त्याआधी हे काम वांद्र्याला चाले. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली, आणि मार्च २०१५ पासून बैल व वळूही तिच्यात आले. परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरची बंदी मात्र मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द ठरवली. माणूस घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. गव्याला हा निकाल लागू नाही: तो वन्य प्राणी आहे, त्याच्या मांसाला खासगीपणाची ढाल मिळत नाही. वधगृहात पशुवैद्य आधी जिवंत जनावर तपासतो, मग मांस. रानात पडलेल्या गव्याला काळपुळी होती की क्षय, हे सांगणारे कोणी नसते.

रोगांनी गव्यांना शिकाऱ्यांइतकेच छळले. गावच्या गुरांतून आलेल्या बुळकांडीने (रिंडरपेस्ट) कळपच्या कळप संपत. १९६८ मध्ये दक्षिणेतील बंडीपूर-मुदुमलाई भागात अशीच मोठी हानी झाली. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली, पण लाळ्या-खुरकुताचा धोका आहेच. गवी एका वेळी एकच वासरू देते, त्यामुळे खचलेला कळप भरून यायला वर्षे लागतात. आणि ही हानी गव्यापुरती राहत नाही: सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकायचा तर त्याला खायला गवा आणि सांबर हवेत.

अमेरिकेत कोट्यवधी बायसन एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः कातड्यासाठी, मारले गेले आणि १८८० च्या दशकाअखेर जेमतेम हजारभर उरले. आज तिथे बायसन पाळतात, त्याचे मांस दुकानात मिळते, काही ठिकाणी परवान्याने शिकारही होते. ईशान्य भारतात गव्याशी नाते असलेला मिथुन लग्नकार्यात आणि सणाला कापला जातो. तो पाळीव, म्हणून वन्यजीव कायद्याच्या कक्षेबाहेर. तिथले दाखले देऊन इथल्या रानगव्याच्या शिकारीचे समर्थन होऊ शकत नाही.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खरी आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गात गवे ऊस, भात, काजूच्या बागा तुडवतात, माणसांवरही चालून जातात. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी ठराविक परिस्थितीत मिळू शकते. तशी सोय गव्याबाबत नाही. म्हणूनच नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेत होणे आणि पैसे हंगाम सरण्याआधी हातात पडणे, ही सरकारची जबाबदारी आहे. ती टाळली तर ठासणीची बंदूक पुन्हा बाहेर निघते. डुकरासाठी लावलेली तारेची फासकी तर जात पाहत नाही. तिच्यात बिबटेही अडकतात.

गावाहून कोणी रानातले मांस देऊ लागले, तर ते घेऊ नये. शिकार, फासकी किंवा वाटे पडताना दिसले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.