सुरू केली बापाने, मिटवायची कोणी?

औरंगजेब १६८१ साली दख्खनेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला वारला. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने परत दिल्ली पाहिली नाही. शाळेत आपण इथे धडा संपवतो. मला मात्र पुढचा प्रश्न जास्त छळतो: वारसात आलेल्या या लढाईचं मुलांनी काय केलं?

आमच्या देऊळगाव राजाकडून पाहिलं तर ही लढाई घरातलीच. सिंदखेडचे जाधव म्हणजे जिजाऊंचं माहेर, पण त्यांच्यातली बरीच मंडळी मोगली चाकरीत. कैदेत वाढलेल्या शाहूला मुलगी दिली तीही याच जाधवांनी. दिल्लीला हा परमुलूख होता, इथल्या माणसाला नव्हता.

आझमशहाने मे १७०७ मध्ये शाहूला सोडलं. त्यात उदारपणा थोडा. शाहू आणि ताराबाई आपसांत झुंजतील हा हिशेब मोठा. येसूबाईंना त्याने ओलीस ठेवलंच. महिन्याभरात आझम स्वतःच जाजऊच्या लढाईत मारला गेला.

मग आला बहादूरशहा. १७०९ साली तो फौजेसह दख्खनेत होता. शाहू आणि ताराबाई, दोघांचेही वकील सनदा मागत दारात उभे. एक सरदार शाहूच्या बाजूने, वजीर ताराबाईच्या बाजूने. बादशहाने कुणालाच दुखावलं नाही, म्हणजे काहीच ठरवलं नाही, आणि उत्तरेला निघून गेला.

माझ्या मते खरी चूक ही. नव्या राज्यकर्त्याला सुरुवातीचे काही दिवस असे मिळतात, की लढाई थांबवली तर कमीपणा त्याच्याकडे येत नाही, आधीच्याकडे जातो. ते दिवस गेले की लढाई त्याचीच होते. राजीव गांधींनी १९८७ साली श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेची परती १९८९ साली त्यांच्याच काळात सुरू झाली होती, पण शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये आणली विश्वनाथ प्रताप सिंहांनी. तिथे उगाच वेळ काढला नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मोगलांचा तह झाला १७१८ साली, तोही सय्यद हुसेन अलीला दिल्लीच्या राजकारणात मराठी फौज हवी होती म्हणून. बादशहा फर्रुखसियरने तो नाकारला. १७१९ साली त्यालाच गादीवरून खाली ओढलं, तेव्हा बाळाजी विश्वनाथांना स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. येसूबाई सुटल्या, जवळजवळ तीस वर्षांनी!

जे बहादूरशहाला आपखुशीने देता आलं असतं, ते दहा वर्षांनी बादशहाच्या गादीची किंमत देऊन द्यावं लागलं. आणि १७२४ साली आमच्याच जिल्ह्यात, साखरखेर्ड्याला, निजामाने मोगली सुभेदार मुबारिझखानाला मारून दख्खन दिल्लीपासून तोडलीच.

दिल्लीतले निर्णय न घेता निघून जातात. रान तुडवलं जातं ते साखरखेर्ड्याचं.